वज्रपंचक, अंक चौदावा

काचीगुडा, हैदराबाद
१४ जानेवारी १९९६

हेमंत,

वर चिरंजीव लिहावं की श्रीयुत, यातच दहा मिनिटं गेली. सतरा वर्षांनी पत्र लिहिणाऱ्या दाजीनं मेव्हण्याला आशीर्वाद द्यावेत का, हे कुणाला विचारायचं? म्हणून नुसतं हेमंत. तुझा पत्ता युवराजनं दिला. इंदूरला तुझ्या शाळेच्या फाटकापाशी भेटलास म्हणे, चहा पाजलास, आणि आमचं नाव निघालं की दर वेळी विषय बदललास. बरोबरच आहे. मीही या पत्रात तेच करणार आहे.

भगवंतरावांनी दिवाळीत छापखाना बंद केला. आता तिथं एसटीडीचा पिवळा बोर्ड लागलाय आणि ट्रेडल मशीन होतं त्या जागी झेरॉक्स आहे. लग्नपत्रिका हिमायतनगरला कॉम्प्युटरवर तासाभरात होतात, आमचे शिशाच्या अक्षरांचे खिळे आता कोण जुळवत बसणार? परवा मालकांनी बोलावलं. म्हणाले, "नामदेवा, माळ्यावरचं काय होना ते घेऊन जा. बाकी रद्दीत. आता आपल्याच्यानं होत नाही बाबा." मी म्हटलं, माझ्याच्यानंही होत नाही. मग दोघं म्हातारे पायरीवर बसून राहिलो. मी बावन्नचा आहे, पण त्या पायरीवर सत्तरचा वाटत होतो.

माळ्यावर उंदरांनी सगळं खाल्लंय. उरला एक अंक. वज्रपंचक, अंक चौदावा, नोव्हेंबर १९७८. उंदरांनाही तो गेला नसावा.

घरी आणून दुपारभर वाचला. हेमंत, काय अचाट काम करत होतो रे आपण! मुंबईचा तो एजंट परदेशातल्या जुन्या चित्रकथांची पानं धाडायचा. बोलण्याच्या फुग्यांतला मजकूर पांढरा रंग मारून पुसलेला. सोबत गोष्टीचा कागद असायचा, पण तो इटालियन आहे की स्पॅनिश याच वादात आपले पहिले दोन अंक गेले. मग मी चित्रं बघून गोष्ट रचायची आणि तू फुगे भरायचे. पाच महावीर जगाचं रक्षण करत होते, आणि ते नेमकं कुणापासून, हे आपल्याला दर महिन्याच्या वीस तारखेपर्यंत ठाऊक नसायचं.

दर्यासिंग आठवतो? ओल्या केसांचा, म्हणून आपण त्याला समुद्राचा राजा ठरवलं. चौदा अंकांत त्याला पाण्याचा एक थेंब मिळाला नाही. काचीगुड्यातच राहत असावा. आज आमच्याकडे नळ आला नाही, तेव्हा त्याची फार आठवण आली.

आणि तेजस्विनी. भगवंतराव म्हणाले होते, लेकराबाळांचा अंक आहे, त्या बाईला आधी पायजमा घाला. तू दर चौकटीत शाईनं तिला चुडीदार चढवलास. सहाव्या पानावर खाली एक पाय विसरलास. एका पायात चुडीदार, दुसरा उघडा, आणि बाई आकाशातून राक्षसावर झेपावतेय. औंढ्याच्या एका वाचकानं काळजीनं विचारलं होतं, बाईंच्या पायाला लागलंय का?

पण कळस म्हणजे महाकेतू. सगळ्यांत उंच, झुपकेदार मिशा आणि सगळ्यांत मोठे फुगे त्याचे, म्हणून आपण त्याला पाचांचा नायक केला. तेरा अंक त्याच्या तोंडी मी देशभक्ती घातली. चौदाव्या अंकाची पानं आली आणि बघतो तर बाकीचे चौघं त्याला बदडून पिंजऱ्यात घालतायत! तो मूळचा खलनायक. ज्याच्यापासून जगाला वाचवायचं, त्यालाच आपण वर्षभर अध्यक्ष करून ठेवलं होतं. शेवटी एकविसाव्या पानावर मी त्याचा जुळा भाऊ काढला. तू हसून हसून शाईची दौत सांडलीस. तो डाग अजून जमिनीवर आहे, आता त्यावर झेरॉक्स मशीन आहे.

अकरावं पान सोडून सगळा अंक वाचला.

पद्मा, तुझी अक्का, बरी आहे. हे पत्र तिला ठाऊक नाही.

तुझा दाजी,
नामदेव


काचीगुडा
२३ जानेवारी १९९६

हेमंत,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमन दिसला की मी दारात जातो. घरी बसल्या माणसाला दुसरं काम काय.

प्रणिता तू गेलास तेव्हा सहा वर्षांची होती. तिच्या पाटीवर तू दर्यासिंग काढून द्यायचास. आता ती हिमायतनगरला डीटीपीच्या दुकानात आहे. म्हणजे माझ्या पोटावर पाय देणारी घरातच निघाली. तेलुगू पाट्या धडाधड वाचते, इंग्रजी त्याहून, पण मराठी वाचायला दिलं की अक्षरागणिक थांबते. परवा तिच्या हाती तो अंक लागला. सोफ्यावर पाय घेऊन मोठ्यानं वाचत बसली. पद्मा आत भाकरी थापत होती.

"पप्पा, हे क्या है? एकीच पायात चुडीदार?"

"पुढं वाच."

"आणि हे चारों मिलके मिशीवाल्याला कायकू मारायलेत? तो तर यांचा लीडर है ना? काही समजेना."

समजणार कसं? अंक तिच्या हाती लागण्याआधी मी त्यातला एक कागद काढून घेतला होता. बत्तीस पानी अंकात एक कागद काढला की चार पानं जातात, हे तुला सांगायला नको. अकरावं पान काढायला गेलो तर बारावं, एकविसावं, बाविसावंही गेलं, आणि महाकेतूचा जुळा भाऊही त्यातच गेला. एक गोष्ट लपवायला गेलो आणि पूर्ण अंक वेडा ठरला.

पोरगी हुशार आहे. पानांचे आकडे बघितले आणि म्हणाली, "पप्पा, बीचका एक कागद गायब है. पिना बी उचकल्यात. ताज्या उचकल्यात." मी म्हटलं, उंदरांनी नेला असेल. तिनं पिना नखानं दाबून बसवल्या आणि पुढचं पान उलटलं. आईवर गेलीय.

तिचं लग्न ठरलंय. हे पहिल्या पत्रातच लिहायला हवं होतं, दर्यासिंगवर अर्धं पान घालवण्याऐवजी. मुलगा सारंग, पुण्याचा, इथं कॉम्प्युटर कंपनीत आहे. चांगला आहे. बोलतो फार शुद्ध, त्याच्यापुढं आमची मराठी ऐकून तोंड लपवावंसं वाटतं, पण चांगला आहे. लग्न वैशाखात, नामपल्लीजवळच्या कार्यालयात. याद्या करताना त्याच्या आई रंजनाबाईंनी सहज विचारलं, "मुलीच्या पाठीशी मामा कोण उभे राहणार? ते काय करतात?"

पद्मा म्हणाली, "माझा चुलतभाऊ युवराज उभा राहील." आणि चहाचे कप उचलून आत गेली. कप अजून भरलेले होते.

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, हेमंतला लिहू का? तर म्हणाली, "ज्याला मी जेवत्या ताटावरून उठवलं, त्याला लग्नाच्या पंगतीला कोणत्या तोंडानं बोलावू?"

तुला आठवत नसेल म्हणून सांगतो. तू गेलास त्याच्या आदल्या दिवशी ती तुला जेवताना बोलली होती, की बहिणीच्या घरी किती दिवस जेवणार, कुठं नोकरीचं बघ. थोरल्या बहिणी बोलतात तसंच. तू अर्ध्या भाकरीवरून उठलास. दुसऱ्या दिवशी कपडे आणि ब्रश घेऊन गेलास. त्या दिवशी अंबाडीची भाजी होती. त्यानंतर या घरात अंबाडी शिजलेली नाही. हैदराबादेत राहून अंबाडी न खाणं म्हणजे काय हे तुला ठाऊक आहे. शेजारच्या आंध्रवाल्या बाईंनी गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीचीच, चटणी आणून दिली तर पद्मा ती हसून घेते आणि कामवाल्या गंगूला देऊन टाकते. सतरा वर्षं तिची खात्री आहे की तिच्या त्या एका वाक्यानं भाऊ गेला.

आणि मी? मी गप्प बसलो. पहिल्या आठवड्यात बोललो असतो तर एक भांडण झालं असतं. वर्षानं बोललो असतो तर दोन गोष्टींबद्दल झालं असतं. पुढं पुढं धीरच होईना.

पुढं लिहवत नाही. डोळे दुखतात.

नामदेव


काचीगुडा
९ फेब्रुवारी १९९६

हेमंत,

अकरावं पान.

कागद समोर ठेवलाय. त्यात काय आहे ते तुला सांगायची गरज नाही, पण मला एकदा लिहून काढू दे. कुणाला तरी.

चित्रात मोठ्या दगडी इमारतीचे खांब आहेत. एका खांबाआड झंझावात, आपला उडणारा महावीर, अंग चोरून उभा. पलीकडे तेजस्विनी, हातात पेटी घेऊन, एकटी. मुळात काय असेल देव जाणे. ती हेर असेल, तो तिच्यावर नजर ठेवून असेल. मला काही सुचेना. ज्याला आकाशात उडता येतं तो खांबाआड कशाला लपेल? वीस तारीख उलटून गेली होती. भगवंतराव चित्रांचे ठसे करणाऱ्या ब्लॉकवाल्याला बसवून ठेवून ओरडत होते, "मंगळवार बोले तो मंगळवार!"

त्याच्या दोन महिने आधी तू मला एक गोष्ट सांगितली होतीस. स्टेशनसमोरच्या इराण्याकडे, भर दुपारी. रोजे चालू होते म्हणून त्यानं दाराला पडदा लावला होता. आजही लावलाय, काल तिकडून गेलो तेव्हा पाहिला. तू म्हणालास, दाजी, कुणाला सांगू नका, अक्काला तर मुळीच नाही. हिमायतनगरची माधवी आणि तू मनमाडच्या गाडीनं निघून जाऊन लग्न करणार होतात. ती स्टेशनवर वेळेवर आली. तूही आलास, तिच्या आधी आलास, आणि ती दिसताच खांबाआड झालास. पाय हलेनात, म्हणालास. ती पेटीवर बसली. नळावर जाऊन दोनदा पाणी प्यायली. गाडी गेली. तरी ती बसून होती आणि तू बघत होतास. नंतर तिला सांगितलंस की ताप भरला होता. तिला ते खरं वाटलं. ती आणखी थांबायला तयार होती.

हे सांगताना तू रडलास. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला होता. तो हात खोटा नव्हता, एवढं तरी मान्य कर.

आणि सोमवारी दुपारी मी तेच झंझावातच्या तोंडी घातलं. जसंच्या तसं. "मला डोंगर उचलता येतो, पण हा खांब सोडता येत नाही. ती दोनदा पाणी प्यायली. मी मोजलं." एका बैठकीत दोन पानं झाली. हेमंत, खरं सांगतो, लिहिताना मला तुझी लाज नाही वाटली. आनंद झाला. चौदा महिने थापा मारत होतो, पहिल्यांदाच काही खरं उतरलं होतं.

कागद तुझ्या टेबलावर ठेवला. तू वाचलास. मी खिळे जुळवायचं सोंग करत तुझ्याकडे बघत होतो. तू ब्रश बदललास, बारीक घेतलास, आणि एकेक फुगा भरलास. एक खाडाखोड नाही, एक काना तिरका नाही. पूर्ण अंकात सगळ्यांत सुंदर अक्षर त्या पानावर आहे. माझ्या हाती दिलंस आणि म्हणालास, "वाळू द्या."

इतकी वर्षं मी हाच खुंटा धरून बसलो: त्याला नको असतं तर तो बोलला असता. ब्रश त्याच्या हातात होता. पण आता मुलीची सोयरीक करताना लोकांपुढं हात जोडून उभा राहिलो आणि मला कळलं. तू माझ्या घरात राहत होतास, माझ्या ताटात जेवत होतास, नोकरीही मीच लावून दिलेली. तू कुठल्या तोंडानं नाही म्हणणार होतास? हे मला त्याच दिवशी ठाऊक असणार. म्हणूनच तर मी विचारलं नाही, नुसता कागद ठेवला.

अंक गाजला. परभणीहून सत्तावीस पत्रं आली, सगळी झंझावातची. माधवीचा धाकटा भाऊ वर्गणीदार आहे हे मला माहीत नव्हतं. देवाशपथ नव्हतं. ती स्वतः छापखान्यात आली, अंक वर्तमानपत्रात गुंडाळून भगवंतरावांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "हेमंतना द्या." एवढंच. तू आत होतास, तुला ऐकू गेलं. त्यानंतर आठ दिवसांनी तू गेलास. मधल्या एका जेवणात पद्मा ते वाक्य बोलली. तिनं तुला घालवलं नाही. मी घालवलं.

आता लिहिलं. पण तुला लिहून काय उपयोग, तुला तर ठाऊकच आहे. जिला ठाऊक नाही ती आत ज्वारी निवडतेय.

नामदेव


काचीगुडा
२० फेब्रुवारी १९९६

हेमंत,

पद्माला सांगितलं.

रविवारी जेवणं झाल्यावर तो कागद तिच्यापुढं ठेवला. तिनं हात पुसले, चष्मा लावला आणि पान वाचलं. मी तिला सगळं सांगितलं, इराणी, माधवी, मनमाडची गाडी, तुझा ब्रश. काही वगळलं नाही. पाऊण तास लागला. प्रणिता दारात उभी राहून ऐकत होती, तिलाही मी जा म्हटलं नाही. मला वाटलं होतं पद्मा ओरडेल. ताट फेकेल. माहेरी जाईल, या वयात, जिथं आता कुणी नाही तिथं.

ती म्हणाली, "लै छान लिहिलंय तुम्ही."

मी म्हटलं, अगं, हे खरं आहे.

"असू द्या," ती म्हणाली. "मिशीवाल्याचा जुळा भाऊ काढला तसं हे काढलं. चित्र बघून गोष्ट रचायची तर तुमच्याशिवाय कुणी नाही. मला बरं वाटावं म्हणून इतका आटापिटा केलात. आता त्या माधवीलाही कुठून आणलंत."

"आणली नाही. होती ती. हिमायतनगरला राहायची."

"मग हेमंतनं मला सांगितलं असतं. माझ्यापासून त्यानं कधी काही लपवलं नाही. माझं मला ठाऊक आहे हो. त्या दिवशी त्याच्या ताटात अर्धी भाकरी राहिली होती. ती मी बघितली, तुम्ही नाही."

नंतर प्रणिता मला म्हणाली, "पप्पा, मम्मीकू यकीन नक्को. इत्ते सालां की आदत है." पोर कुठं शिकली हे, कोण जाणे.

यापुढचं लिहायला मला खरोखर लाज वाटते. त्या संध्याकाळी पद्मानं मला भाकरीवर न मागता तूप वाढलं. मायेनं बघितलं माझ्याकडे. कितीतरी वर्षांत असं बघितलं नव्हतं. नवऱ्यानं आपल्यासाठी एवढी गोष्ट रचली, म्हणून. आणि मी ती भाकरी खाल्ली, हेमंत. एक क्षण वाटलंही की राहू दे आता असंच. सांगायचं ते सांगून झालं, तिनं मानलं नाही, माझा काय दोष. आयुष्यभर मी असाच सुटत आलोय.

पण मग ती युवराजसाठी फेट्याचा रंग बघत बसली. मामाचा फेटा. दोन कापडं मांडीवर घेऊन, कुठलं बरं दिसेल विचारत होती, आणि तिचं लक्ष कुठल्याच कापडात नव्हतं.

म्हणून हे शेवटचं मागणं. मी माफी मागत नाही. माफी मागणाऱ्याला काहीतरी मिळवायचं असतं आणि मला तुझ्याकडून माझ्यासाठी काही नको. लग्नाला आलास तर मी कार्यालयाच्या बाहेर उभा राहीन, पाहुण्यांच्या चपला सांभाळीन, तुझ्या नजरेला पडणार नाही. यायचं नसेल तर येऊ नकोस. पण अक्काला एक ओळ लिही. मी काय केलं ते लिही, हवं तितक्या वाईट शब्दांत. माधवीचं नाव लिही. त्या अर्ध्या भाकरीमुळे तू गेला नाहीस, एवढं लिही.

मी सगळं सांगून बघितलं. माझं तिला खरं वाटत नाही. तुझं वाटेल.

नामदेव